लढाई तिकडची, भाव इकडचा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘परदेशातल्या लढाया आणि देशाची तटस्थता’ हा विषय पाहून काही कार्यकर्त्यांनी आम्हाला सकाळीच गाठले. म्हणाले, कापसाला भाव नाही, खताचे पोते परवडत नाही, आणि तुम्ही कुठल्या लढायांच्या गोष्टी सांगणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात कापसापासूनच करतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक मालावर आधीच्या २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के जकात बसवली. ती २७ ऑगस्टला लागू झाली. या वाढीव जकातीचे कारण अमेरिकेने उघड सांगितले. युक्रेनशी लढणाऱ्या रशियाकडून भारत तेल घेतो, म्हणून हा दंड. दुसरी गोष्ट आपल्या सरकारची. परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अडचणीतल्या कापड धंद्याला कच्चा माल स्वस्त मिळावा, हे कारण. आपली पहिली वेचणी घरात येते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. प्रत्यक्षात बाजारात काय पदरात पडले, ते इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको.

लढाई रशिया-युक्रेनची, दंड अमेरिकेचा, तटस्थ राहण्याचा निर्णय दिल्लीचा आणि भाव पडला तो इकडे. तेव्हा हा विषय आपला नाही असे म्हणायची सोय नाही.

देश तटस्थ राहायचे ठरवतात तरी कसे? वर्तमानपत्रात वाचतो ते असे की तत्त्व म्हणून, शांततेवरच्या प्रेमापोटी. तत्त्व असतेच, नाही असे आम्ही म्हणत नाही. पण तत्त्वाशेजारी एक खतावणीही उघडी असते. ती खतावणी कशी लिहिली जाते, याचा सगळ्यात बोलका दाखला एकशे साठ वर्षांपूर्वीचा आहे. आणि तोही कापसाचाच आहे.

विलायतेची खतावणी

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांकडून कापूस पिकवून घेणारे बडे जमीनदार होते. गुलामगिरी टिकावी म्हणून ती राज्ये फुटून निघाली. उत्तरेचे सरकार, म्हणजे अध्यक्ष लिंकन, त्यांना फुटू द्यायला तयार नव्हते. लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. १३ मे १८६१ रोजी इंग्लंडच्या राणीचा जाहीरनामा निघाला: या लढाईत इंग्लंड तटस्थ राहील.

आता इंग्लंडची अडचण पाहा. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. लाखो मजुरांची चूल त्यावर पेटत होती. दक्षिणेच्या जमीनदारांना याची घमेंड होती. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर हॅमंड यांनी १८५८ मध्येच भर सभागृहात कापूस हाच राजा असल्याचे बजावले होते. त्यांचा हिशेब असा, की कापूस अडवला की इंग्लंड गुडघ्यावर येईल आणि आपल्या बाजूने आरमार पाठवील. १८६१ मध्ये त्यांनी आपणहून कापूस रोखून धरला. काही ठिकाणी गाठी जाळल्यासुद्धा.

इंग्लंड गुडघ्यावर आले नाही. का आले नाही, तेच समजून घ्यायचे आहे.

पहिले कारण गोदाम. १८६० चे अमेरिकेतले पीक प्रचंड आले होते आणि लढाईच्या आधीच विलायतेत येऊन पडले होते. सुरुवातीला गिरणीवाल्यांना टंचाईची भीती नव्हती. उलट साठलेल्या मालाचा भाव वाढला, हे त्यांच्या पथ्यावर पडले. ज्याचे गोदाम भरलेले त्याला थांबायला परवडते. हे तुम्हाला-आम्हाला वेगळे शिकवायला नको, कारण आपले गोदाम कधीच भरलेले नसते.

दुसरे कारण गहू. १८६० पासून पुढची दोन-तीन वर्षे इंग्लंडमध्ये पिके ओढीची आली. बाहेरून गहू आणावा लागला आणि त्यातला मोठा वाटा उत्तर अमेरिकेचा होता. दक्षिणेची बाजू घ्यावी तर उत्तरेचा गहू बंद. कापसापेक्षा गव्हाने निर्णय किती फिरवला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण भाकरी देणाऱ्याशी भांडण घेताना कोणीही दोनदा विचार करतो.

तिसरे कारण धंदा. तटस्थ राहिले की दोघांनाही माल विकता येतो. इंग्लंडमधून बंदुका उत्तरेलाही गेल्या आणि दक्षिणेलाही गेल्या.

चौथे कारण उद्याचे भान. उत्तरेच्या नाकेबंदीला सुरुवातीला भोके होती. ती बेकायदा ठरवून मोडून काढा, असा दक्षिणेचा धोशा होता. पण इंग्लंड स्वतः दर्यावर्दी सत्ता. उद्या दुसऱ्या कुठल्या लढाईत नाकेबंदी आपल्यालाच करायची आहे. आज दुसऱ्याच्या नाकेबंदीला नावे ठेवली तर उद्या तेच शब्द आपल्या गळ्यात येतील. म्हणून इंग्लंडने ती मुकाट्याने मान्य केली.

तटस्थता दोरीवरची असते

जाहीरनामा काढला की काम झाले, असे नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या एका युद्धनौकेने ‘ट्रेंट’ नावाचे इंग्रजी टपालजहाज भर समुद्रात अडवले आणि त्यावरचे दक्षिणेचे दोन वकील पकडून नेले. इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. कॅनडाकडे सुमारे ११ हजारांचे सैन्य रवाना झाले. आणि आणखी एक गोष्ट इंग्लंडने केली. बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या सोऱ्याची निर्यात बंद केली. हा सोरा येत होता हिंदुस्थानातून, मुख्यतः बिहारमधून. तो उत्तरेला हवा होता. डिसेंबरच्या अखेरीस लिंकन यांनी ते दोन वकील सोडून दिले, आणि लढाई टळली.

खरी कसोटी १८६२ च्या पावसाळ्यानंतर लागली. गोदामे रिकामी झाली होती. लँकेशायर आणि आसपास वर्षअखेरीला सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या तुकड्यावर जगत होती. पंतप्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल मध्यस्थी करावी का, याचा विचार करू लागले. मध्यस्थी म्हणजे दक्षिणेला वेगळा देश मानण्याची पहिली पायरी. ७ ऑक्टोबरला अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी न्यूकॅसलच्या भाषणात सांगून टाकले, की दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी सैन्य उभे केले, आरमार उभे करत आहेत आणि राष्ट्रही घडवले आहे. आठवड्याभरात युद्धमंत्री लुईस यांनी दुसऱ्या सभेत त्याला लगाम घातला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने प्रस्ताव आणला: इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया मिळून सहा महिन्यांचा तह सुचवू. इंग्लंडच्या मंत्रिमंडळाने तो नाकारला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १७ सप्टेंबरला अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेची आगेकूच अडली. जिंकणार कोण हे ठरले नसताना डाव लावण्यात अर्थ नव्हता. आणि २२ सप्टेंबरला लिंकन यांनी जाहीर केले, की बंडखोर राज्यांतले गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त होतील. आता दक्षिणेची बाजू घेणे म्हणजे उघड उघड गुलामगिरीची बाजू घेणे झाले. इंग्लंडच्या लोकांना ते पचले नसते.

इथे एका गोष्टीला मान दिला पाहिजे. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा झाली. कापसावाचून ज्यांच्या हाताचे काम गेले होते असे मजूर त्यात होते. त्यांनी लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. १९ जानेवारीला लिंकन यांनी त्याला उत्तर लिहिले. सगळे मजूर एका मताचे होते असे नाही. कापसासाठी दक्षिणेला मान्यता द्या म्हणणारेही त्यांच्यात होते. पण उपाशी माणूससुद्धा फक्त पोटाच्या हिशेबाने बोलत नाही, हे त्या सभेने दाखवले. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या लढाईचा अर्थ इथल्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला नेमका कळला होता.

तटस्थतेचा कायदा पाळण्यात कुचराई केली तर काय होते, हेही इंग्लंडला कळले. ‘अलाबामा’ नावाचे जहाज इंग्लंडमध्ये बांधले गेले आणि जुलै १८६२ मध्ये सरकारच्या डोळ्यांदेखत निसटले. दक्षिणेच्या झेंड्याखाली त्याने उत्तरेची साठाच्या वर जहाजे पकडली किंवा बुडवली. लढाई संपल्यावर दावा चालला. १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. इंग्लंडने ते भरले. तटस्थतेचे हे एक बिल निदान हिशेबात दिसले.

दुसरे बिल कुठे फाटले?

आता जे बिल हिशेबात दिसत नाही त्याकडे येऊ.

चार वर्षे लँकेशायरच्या गिरण्या कशाबशा चालल्या त्या कोणाच्या कापसावर? इजिप्त होते, ब्राझील होते, पण सगळ्यात मोठा आधार हिंदुस्थानचा होता. अमेरिकेचा कापूस आटल्यावर ब्रिटनच्या राहिलेल्या आयातीतला बहुतांश कापूस इथला होता. वऱ्हाड, खानदेश, नागपूरकडचा मुलूख, गुजरात, धारवाड. तिकडे त्या सगळ्याला सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि आखूड धाग्याचा, कचऱ्याचा म्हणून नाके मुरडत. नाके मुरडत का होईना, घेतला. इंग्लंडला लढाईत न पडता थांबता आले याचे एक कारण इथल्या काळ्या रानात उगवत होते.

भाव तिपटी-चौपटीवर गेला. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅका निघाल्या, कंपन्या निघाल्या, बॅक बेची खाडी बुजवण्याच्या कंपनीचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी एका हंगामात राजे झाले. शेतकऱ्यापर्यंतही पैसा पोचला, नाही असे नाही. पण बराचसा पोचला तो उचल म्हणून. कालपर्यंत दारात उभे न करणारा सावकार दख्खनच्या गावांत कापसाच्या एकरामागे शंभर रुपये आगाऊ द्यायला तयार झाला, अशा नोंदी आहेत. ज्वारीच्या रानात कापूस शिरला.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. लढाई संपली. बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. जुलैमध्ये शेअरबाजाराचा डोलारा खाली आला. प्रेमचंद रायचंद बुडाले. पण त्यांनी आधी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबईत उभा राहिला, तो आजही आहे. कापूस पिकवणाऱ्याच्या आईच्या नावाने काय उभे राहिले? सावकाराच्या वहीत बाकी उभी राहिली.

पुढची दहा वर्षे थोडक्यात सांगतो. भाव उतरत गेला. त्यात सरकारने जमिनीची फेरआकारणी केली आणि पुणे जिल्ह्यात इंदापूरसारख्या तालुक्यांत सारा निम्म्याहून अधिक वाढवला. सावकाराने हात आखडला, जुन्या कर्जाचे नवे दस्त लिहून घेतले, कोर्टातून जमिनी काढून घेतल्या. १२ मे १८७५ रोजी सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी दस्त आणि वह्या मागितल्या, जाळल्या. लोण नगर जिल्ह्यात पसरले. चौकशी आयोग बसला, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुपे-इंदापूर हा काही वऱ्हाडासारखा कापसाचा मुलूख नव्हे. दंग्याला सारा, सावकारी, अवर्षण अशी कारणे अनेक होती. सगळे खापर अमेरिकेच्या लढाईवर फोडणे बरोबर नाही. पण पैशाचा पूर आला आणि तो एकाएकी ओसरला, तेव्हा चिखलात रुतून राहिला तो शेतकरी, एवढे मात्र खरे.

आपल्याकडे म्हण आहे, दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हण खरी आहे, पण अर्धी आहे. तिसऱ्याचा लाभ होतो तेव्हा एक चौथाही असतो. निर्णयाच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही. भाव चढला की त्याच्याकडून माल घेतात, उतरला की वसुली पाठवतात. १८६१ मध्ये तिसरा होता इंग्लंड. चौथे होते आपले पणजोबा.

आता निर्णय आपला आहे

त्या वेळी आपण गुलाम होतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. लढाईत पडायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, हा स्वातंत्र्याचा एक मोठा अर्थ होता. स्वतंत्र भारताने कोणत्याच गटात न जाण्याचे धोरण घेतले ते यातून. आम्ही त्या धोरणाच्या विरोधात नाही. दुसऱ्याच्या लढाईत आपली पोरे पाठवू नयेत, हेच शहाणपण. शेतकऱ्याच्या घरातली पोरे सैन्यात किती आहेत, हे आम्हाला माहीत आहे.

पण स्वतंत्र देशाच्या खतावणीत तरी चौथ्याचे नाव लिहिले गेले का?

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या हल्ल्याविरुद्ध ठराव आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत त्या ३५ मध्ये होता. पुढे रशियाचे तेल स्वस्तात आले आणि देशाच्या आयातीत त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आतून तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. हा झाला तिसऱ्याचा लाभ. त्याच वेळी काळ्या समुद्रातून निघणारा गहू अडला आणि जगात गव्हाचा भाव भडकला. उत्तरेकडच्या, मध्य भारताच्या शेतकऱ्याला कित्येक वर्षांनी हमीभावाच्या वर भाव दिसू लागला. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. मार्चच्या उष्णतेने पीक घटले होते, सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली होती. कारण होते, आम्ही मान्य करतो. पण महागाई रोखायची किंमत कोणी मोजली? ज्याचा गहू खळ्यात होता त्याने. त्याला फरकाचा एक पैसाही कोणी दिला नाही.

आणि २०२५ मध्ये उलटे झाले. तटस्थतेचा दंड कापड धंद्यावर आला. कापड धंद्याला दिलासा देणे भाग होते, आणि तो दिला कापसावरचे शुल्क उठवून. भाव चढला तेव्हा निर्यातीचे दार लावले, भाव पडत होता तेव्हा आयातीचे दार उघडले. दोन्ही वेळा दाराची कडी दिल्लीच्या हातात, आणि बोटे सापडली आपली.

कोणी म्हणेल, तुम्ही तर खुल्या व्यापाराची भाषा करता, मग आयातीला का घाबरता? आम्ही आयातीला घाबरत नाही. आयात खुली ठेवायची असेल तर खुशाल ठेवा. पण मग निर्यातही कधी बंद करू नका. एका बाजूने खुला आणि दुसऱ्या बाजूने बंद, याला बाजार म्हणत नाहीत, सापळा म्हणतात.

तेव्हा तालुक्यांच्या बैठकांत ठरावासाठी आम्ही तीन मुद्दे ठेवत आहोत.

एक. परदेशातल्या लढाईमुळे आयात, निर्यात किंवा शुल्क बदलायचे असेल, तर त्याने कोणत्या पिकाच्या भावावर काय परिणाम होईल याचा हिशेब सरकारने निर्णयाच्या दिवशीच जाहीर करावा. महिन्यांनी, हंगाम संपल्यावर नव्हे.

दोन. देशाच्या धोरणासाठी निर्यात बंद केली किंवा आयात खुली केली, आणि त्याने भाव हमीभावाखाली गेला, तर फरक शेतकऱ्याला रोख मिळावा. देशाच्या धोरणाचा खर्च देशाच्या तिजोरीतून झाला पाहिजे. स्वस्त तेलात नफा झाला असेल तर भरायला पैसा आहे.

तीन. हा मुद्दा सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. लढाईने चढलेल्या भावावर विसंबून कर्ज काढू नका. लढाई कधी संपेल हे अमेरिकेच्या कापूसवाल्यांना कळले नाही, मुंबईच्या शेअरवाल्यांना कळले नाही, तुम्हा-आम्हाला तरी कसे कळणार? चढल्या भावात जमेल तेवढे जुने देणे फेडा, पुढच्या वर्षाचे बी-भरण बाजूला काढा. नव्या उचलीचा आकडा मात्र पडत्या भावाने मांडा.

देशाने तटस्थ राहावे, जरूर राहावे. पण तटस्थ राहण्याचा मान देशाचा आणि भुर्दंड एकट्या शेतकऱ्याचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. मँचेस्टरच्या उपाशी मजुरांचे मत निदान सभेत ऐकले गेले होते. वऱ्हाडच्या कापूसवाल्याला त्या वेळी कोणी सभेलाही बोलावले नाही. आज आपली सभा आहे, आपले मत आहे. येत्या महिन्यात तालुक्या-तालुक्यात या ठरावांवर चर्चा करा, हरकती असतील तर त्याही लेखी पाठवा. पुढच्या जिल्हा बैठकीत त्या सगळ्यांसह ठराव पक्के करू.